परातींतील चंद्र

ग्रह आणि उपग्रह यांचे पृष्ठभाग कसे घडले हा प्रश्न बहुतेक सुशिक्षित घरांत पाठ्यपुस्तकाच्या एका पानापुरता उरलेला असतो. मूल चार शब्द पाठ करतें: उल्कापात, ज्वालामुखी, भूकवचाची हालचाल आणि झीज. परीक्षेंत ते उतरवून तें मोकळें होतें. वस्तुतः हे चार शब्द म्हणजे चार कारागीर आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, आपला चंद्र, गुरूचे आणि शनीचे चंद्र, या सर्वांचे चेहरे याच चौघांनीं घडविले. कोठें एकाचा हात अधिक चालला, कोठें दुसऱ्याचा, एवढाच काय तो फरक. या चौघांची खरी ओळख शब्दांनीं होत नाहीं. ती हातांनीं करून घ्यावी लागते. त्यासाठीं मोठी प्रयोगशाळा नको. एक परात, थोडी राख, तांब्याभर पाणी आणि पायांखालची माती एवढें साहित्य पुरे होतें.

उदाहरणासाठीं हिंगोली जिल्ह्यांतील कनेरगांव नाका हें गांव घ्यावें. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या जवळ तें वसलें आहे. एके काळीं या नदीच्या अलीकडे निजामाचें राज्य आणि पलीकडे वऱ्हाड अशी विभागणी होती. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते, पुढें वर्धेस मिळते, आणि तिचें पाणी शेवटीं प्राणहितेच्या वाटेनें गोदावरींत जातें. या मुलखांत वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण. वरवर पाहतां यांत विशेष असें कांहींच नाहीं. पण तो काळा पाषाण ज्वालामुखींतून निघालेल्या रसाचा आहे; माती त्या पाषाणाची झीज होऊन झालेली आहे; ती माती नदी पावसाळ्या-पावसाळ्याला वाहून नेते; २०२४ सालच्या मार्च आणि जुलै महिन्यांत याच जिल्ह्याची जमीन भूकंपाच्या धक्क्यांनीं हादरली; आणि गांवाच्या पश्चिमेस, एका दिवसांत जाऊन परत येतां येईल इतक्या अंतरावर, लोणारचें विवर आहे. म्हणजे चारही कारागीर एका गांवाच्या आसपास हजर आहेत. ते काम कसें करतात तेवढें पाहावयाचें.

पहिला प्रयोग उल्कापाताचा. परातींत चाळलेली राख चार बोटें जाडीची भरावी आणि न दाबतां ती सपाट करावी. शहरांत राख न मिळाली तर मैदा चालेल. वर गेरूची पूड चाळणीनें इतकीच भुरभुरावी कीं खालची राख दिसेनाशी व्हावी. आतां एक कांचेची गोटी एक वीत उंचीवरून सरळ खालीं सोडावी. खड्डा पडेल. तो गोटीहून रुंद असेल; त्याच्या भोंवतीं उंचवट्याची कड उठलेली दिसेल; आणि त्या कडेपासून राखेचे फिके पट्टे गेरूच्या थरावर चोहोंकडे फांकलेले दिसतील. खालचा पदार्थ वर आला हें रंगावरूनच कळतें. पौर्णिमेच्या चंद्रावर दक्षिणेच्या बाजूला टायको नांवाचें सुमारें ८५ किलोमीटर व्यासाचें विवर आहे. त्यापासून असेच शुभ्र पट्टे फांकलेले लहानशा दुर्बिणींतून स्पष्ट दिसतात. परातींतील पट्टे ज्यानें एकदां पाहिले, त्यास टायकोचे पट्टे समजावून सांगावे लागत नाहींत.

पण पाहून थांबूं नये, मोजावें. गोटी एक वीत, मग चार वीत, मग सोळा वीत उंचीवरून सोडावी आणि प्रत्येक खड्ड्याचा व्यास पट्टीनें घ्यावा. मुलांची पहिली अपेक्षा अशी असते कीं उंची दुप्पट केली म्हणजे खड्डाही दुप्पट होईल. तसें होत नाहीं. खड्ड्याचा व्यास दुपटीच्या जवळपास जावयास उंची सुमारें सोळापट करावी लागते. याचें कारण सोपें आहे. व्यास दुप्पट म्हणजे उपसावयाची राख आठपट. शिवाय खड्डा दुप्पट खोल, म्हणून ती राख दुप्पट उंच उचलून बाहेर टाकावयाची. आठ दुणे सोळा. गणिताच्या तासाला रुक्ष वाटणारा पाढा येथें एकाएकीं आकाशाच्या हिशेबाला उपयोगी पडतो.

येथेंच परातीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सोळा वीत उंचीवरून पडणारी गोटी सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानें खालीं पोंचते. अवकाशांतून येणारा पाषाण पृथ्वीच्या वातावरणांत शिरतांना सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाचा असतो. अशा वेगाचा मोठा पाषाण जमिनीवर आदळतो तेव्हां तो नुसता रुतत नाहीं, सुरुंगासारखा फुटतो. अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनीं १८९३ सालीं चंद्राच्या विवरांवर विवेचन प्रसिद्ध केलें. त्यासाठीं त्यांनीं चिखलाचे आणि मातीचे गोळे मारून खड्डे पाडून पाहिले होते. तिरपा मारलेला गोळा लांबट खड्डा पाडी, आणि चंद्रावरचीं विवरें तर जवळजवळ सर्व वाटोळीं. हें कोडें त्यांना अडवून बसलें. पुढें लक्षांत आलें कीं प्रचंड वेगाचा आघात हा स्फोटच असतो, आणि स्फोट एका बिंदूपासून सर्व दिशांस सारखा पसरतो. पाषाण तिरपा आला तरी विवर बहुधा वाटोळेंच होतें. परातीनें गिल्बर्टना प्रश्न बरोबर दिला, पण उत्तर परातींत नव्हतें.

याहून मोठा धडा स्वयंपाकघरांत आहे. घट्ट पिठलें रटरटूं लागलें कीं त्याचे बुडबुडे फुटतात आणि पृष्ठभागावर वाटोळे, कांठ उचललेले खड्डे क्षणभर राहतात. चुलीवरून भांडें उतरवलें तर कांहीं तसेच थिजतात. पाहणाऱ्यास वाटतें, हीही चंद्राचीच प्रतिमा! तीनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एका थोर प्रयोगकर्त्यापुढें नेमका हाच पेंच पडला. रॉबर्ट हूक यांनीं १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत दोन प्रयोग नमूद केले आहेत. चिलमीच्या मातीच्या पातळ चिखलांत त्यांनीं जड गोळी टाकून पाहिली. आणि एका दगडाची भुकटी भांड्यांत तापवून तिचे बुडबुडे फुटूं दिले. दोन्ही रीतींनीं चंद्रासारखे खड्डे झाले. मग खरें कारण कोणतें? चंद्रावर आदळावयास वस्तु कोठून येणार, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. हूक यांनीं बुडबुड्यांच्या बाजूनें कौल दिला, आणि तो चुकला. हातांत कसर नव्हती. केवळ आकारावरून कारण ठरवावें लागलें, तेथें गफलत झाली. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनीं पुढें सिमेंटच्या भुकटीवर आघात करून असेच प्रयोग केले आणि १९२१ सालच्या आपल्या पुस्तिकेंत चंद्रावरचीं विवरें आघाताचींच आहेत असें प्रतिपादन केलें. तरीही हा वाद त्यांच्या हयातींत मिटला नाहीं.

लोणारची कथा या पेंचाचेंच मराठी रूप आहे. हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याचा कांठ भोंवतालच्या सपाटीहून थोडा उचललेला, आणि त्या कांठांतील पाषाणाचे थर परातींतल्या कडेप्रमाणेंच वर उलटलेले. लोकांनीं त्याची उपपत्ति लवणासुराच्या वधाच्या कथेंत सांगितली. १८२३ सालीं अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानें या जागेची नोंद केली. त्यानंतर पुष्कळ काळ विद्वान मंडळी लोणारला ज्वालामुखीचें मुख मानीत आलीं. त्यांचा तर्क अगदींच निराधार नव्हता. चहूंकडे ज्वालामुखीचा पाषाण असतां मधला वाटोळा खड्डा ज्वालामुखीचा, असें कोणासही वाटावें. पिठल्याचा खड्डा आणि गोटीचा खड्डा दिसावयास सारखेच.

निवाडा शेवटीं दगडानें केला. विवराच्या परिसरांतील आणि तळाखालून भोंक पाडून काढलेल्या दगडांची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी झाली. त्यांत असे स्फटिक आढळले कीं जे वितळले नव्हते, तरी आघाताच्या दाबानें त्यांची कांच झाली होती. या कांचेस मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीची उष्णता दगड वितळवूं शकते, पण इतका दाब ती निर्माण करूं शकत नाहीं. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत हा पुरावा मांडला आणि लोणार हें आघातविवर असल्याचें प्रस्थापित झालें. चंद्रावरील काळे प्रदेश आणि मंगळाचा पुष्कळसा भाग असल्याच काळ्या पाषाणाचा आहे. म्हणून तेथील विवरांचा अभ्यास करणाऱ्यांस लोणार आजही तुलनेसाठीं लागतें. जिज्ञासूनें लोणारला अवश्य जावें, कांठावरचे उलटलेले थर डोळ्यांनीं पाहावे, त्यांचें चित्र वहींत काढावें. दगड मात्र उचलून आणूं नये. पुराव्याची जागा पुराव्यासह राहिली तरच पुढच्या पिढीस तिचा उपयोग.

दुसरा कारागीर ज्वालामुखी. दक्षिणेचें पठार सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालें. आजही तो पाषाण सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. इतका रस एखाद्या उंच शंकूसारखा न साचतां दूरवर सपाट कां पसरला? एक पाट तिरपा ठेवावा. त्यावर एक पळी काकवी थंड असतांना ओतावी आणि दुसरी पळी कोमट करून ओतावी. घड्याळ लावून पाहावें कीं एका मिनिटांत कोणती किती लांब गेली. कोमट काकवी पातळ होऊन धांवते, थंड काकवी जागींच फुगून राहते. आपल्या पठाराचा लाव्हारस पहिल्या जातीचा होता. मंगळावरील ऑलिंपस हा ज्वालामुखी सुमारें २२ किलोमीटर उंच असूनही त्याचा उतार सौम्य आहे, त्याचेंही कारण तेंच. सह्याद्रीचे आणि अजिंठ्याचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर त्या थरांचीच साक्ष देतात. बांधावरचा एखादा सच्छिद्र दगड हातीं घेतला तर अनारशाच्या जाळीची आठवण होते. तीं छिद्रें रसांत अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांचीं होत.

ही उष्णता ग्रहांच्या पोटांतूनच आली पाहिजे असें नाहीं. १९७९ सालीं व्हॉयेजर यानानें गुरूच्या आयो या चंद्रावर धगधगते ज्वालामुखी दाखविले, तेव्हां एवढ्याशा गोलाला इतकी ऊब कोठून मिळते असें सर्वांस वाटलें. लोखंडी तारेचा एक तुकडा घेऊन तो एकाच ठिकाणीं पंधरा-वीस वेळां मागेंपुढें वाकवावा आणि त्या जागेस हलकेंच बोट लावावें. तार तापलेली असते. गुरूच्या ओढीनें आयोचें अंग प्रत्येक फेऱ्यांत असेंच कमीअधिक ताणलें जातें, आणि त्या मळणींतून उष्णता निघते.

तिसरा कारागीर भूकवचाची हालचाल. लांबट पेटींत एक आडवी फळी उभी धरावी. तिच्या पुढें वाळू आणि गुलाल यांचे आळीपाळीनें पातळ थर द्यावे. मग फळी अगदीं सावकाश पुढें ढकलावी. पेटीची एक बाजू कांचेची असल्यास थर प्रथम वर उचलले जातात, मग तिरप्या रेषेनें तुटतात आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढतो, हें सगळें डोळ्यांसमोर घडतें. आपला भूखंड वर्षाला सुमारें ५ सेंटीमीटर या गतीनें उत्तरेकडे सरकत आहे. हिमालय त्या रेट्याचा कांठ. पण रेटा कांठावरच थांबत नाहीं, आंतल्या जुन्या कमकुवत जागांनाही पोंचतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, तेव्हां दक्षिणेचें पठार अढळ आहे या समजुतीला तडा गेला. बुधाची गोष्ट निराळी. तो थंड होतां होतां आक्रसला, आणि सुकलेल्या आवळ्यावर सुरकुत्या याव्या तशा त्याच्या पाठीवर मैलोगणती कडे उठले.

काळ्या मातीच्या मुलखांत मात्र एक सावधगिरी हवी. चैत्र-वैशाखांत रानाला ज्या भेगा पडतात त्या भूकंपाच्या नव्हत. माती वाळून आक्रसल्याच्या आहेत. ओल्या काळ्या मातीचा थाळीभर थर उन्हांत ठेवला तर दोन-चार दिवसांत बहुकोनी भेगांची जाळी तयार होते. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीनें अशाच प्राचीन भेगांचीं चित्रें पाठविलीं, आणि तेथें कधीं काळीं चिखल होता व तो सुकला, हें अनुमान त्यावरून निघालें. वैशाखांतलें रान ज्यानें पाहिलें आहे त्यास तें चित्र परकें वाटणार नाहीं.

चौथा कारागीर पाणी, आणि पृथ्वीवर तोच सर्वांत उद्योगी. घमेल्यांत नदीची ओली वाळू भरून त्याच्या एका बाजूखालीं एक वीट द्यावी. खिळ्यानें भोंक पाडलेल्या डब्यांतून वरच्या टोकास बारीक धार सोडावी. ओघळ पडतो, फांटे फुटतात, वळणें होतात. खालच्या टोकास वाळूचा पंखा पसरतो. दोन विटा दिल्या तर ओघळ सरळ आणि खोल जातो. एका जागीं दुर्वांचा गड्डा मातीसकट बसविला तर तेवढा कांठ टिकतो. हें पाहून पैनगंगेच्या वळणावर उभें राहावें: बाहेरचा कांठ तुटलेला, आंतल्या कांठाला वाळूचा पट्टा. मंगळावरील जेझेरो विवरांत असाच वाळवंटी पंखा दिसला, म्हणूनच पर्सिव्हिअरन्स गाडी फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें उतरविली गेली. शनीच्या टायटन चंद्रावर जानेवारी २००५ मध्यें ह्युजेन्स यान उतरलें, तेव्हां नदीपात्रांतल्यासारखे गुळगुळीत गोटे दिसले. तेथें गोटे बर्फाचे आणि वाहणारा द्रव मीथेन; पण नदीची रीत तीच.

आतां पहिली परात पुन्हां पुढें ओढावी. निरनिराळ्या उंचीवरून गोट्या टाकून ती खड्ड्यांनीं भरून काढावी. एका अर्ध्या भागावर झारीनें हलका पाऊस पाडावा, दुसरा अर्धा कोरडा ठेवावा. थोड्याच वेळांत ओल्या भागांतल्या कडा ढांसळतात, खड्डे बुजतात. कोरडा भाग जशाचा तसा राहतो. कोरडा भाग म्हणजे चंद्र, ओला भाग म्हणजे पृथ्वी. चंद्रावर हवा नाहीं, वाहतें पाणी नाहीं. म्हणून कोट्यवधि वर्षांचे घाव तेथें अजून ताजे दिसतात. पृथ्वीवरही असेच आघात झाले, पण आजवर निश्चित ओळखलीं गेलेलीं आघातविवरें सुमारें दोनशेंच आहेत. बाकीचीं पावसानें, नद्यांनीं आणि भूकवचाच्या उलथापालथीनें पुसून टाकलीं. लोणार टिकलें, कारण पृथ्वीच्या आयुष्यांत तें अगदीं अलीकडचें आहे. पूर्वीं त्याचें वय सुमारें ५० हजार वर्षें मानीत; २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन वायूच्या मापनानुसार तें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें निघालें. आंकडा दसपटीहून वाढला, तरी पाऊसपाण्याच्या कामाला तोही काळ थोडाच ठरला.

हे प्रयोग खेळ म्हणून केले तरी आनंद आहे. पण ते शिक्षण व्हावें असें वाटत असेल तर चार पथ्यें पाळावीं. प्रयोगापूर्वीं मुलानें आपला अंदाज लिहून ठेवावा, कारण लिहिलेला अंदाज मागाहून बदलतां येत नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. उंची बदलली तर गोटी तीच ठेवावी. प्रत्येक माप तीनदां घ्यावें आणि न जुळणारें मापही खोडूं नये. आणि शेवटीं, परात कोठें खरी आणि कोठें खोटी, हें मुलानें आपल्या शब्दांत सांगावें. गोटीचा वेग खोटा, काळ खोटा, परातीचा आकार खोटा. कडेची घडण खरी, पट्ट्यांची दिशा खरी, सोळाचा हिशेब खरा. हें चौथें पथ्य सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचें. वडील मंडळींनीं उत्तर आधीं सांगून टाकण्याचा मोह आवरला तर अर्धें काम तेथेंच झालें.

१९३७ सालीं वर्धा येथील शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हाताच्या कामांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला, तेव्हां तो खेड्यांतील शाळांपुरता आहे असें पुष्कळांस वाटलें. पण अत्यंत आधुनिक विज्ञानासही परात सोडवत नाहीं. चंद्रयानाच्या चांकांची आणि पायांची परीक्षा घेण्यासाठीं भारतीय शास्त्रज्ञांना चंद्रासारखी माती हवी होती. तामिळनाडूंतील नामक्कल परिसरांत तशा जातीचा फिका पाषाण मिळतो. तो दळून त्यांनीं चंद्रभूमीची प्रतिकृति बनविली आणि तिच्यावर आपलीं यंत्रें चालवून पाहिलीं. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत सुखरूप उतरला, त्याआधीं तो अशा मातीशीं परिचय करून गेला होता. ती प्रतिकृति म्हणजे चंद्र नव्हे, हें त्या शास्त्रज्ञांना पूर्ण ठाऊक होतें, आणि ती कोठें चंद्रासारखी व कोठें नाहीं याचा हिशेब त्यांनीं ठेवला होता.

हूक यांच्या हातीं चिखल होता, गिल्बर्टच्या हातीं मातीचे गोळे, वेगेनरच्या हातीं सिमेंट. घरोघर परात आहे, आणि कनेरगांवच्या शिवारांत तर चारही कारागिरांचें काम उघड्यावर मांडलेलें आहे. हातानें केलेला प्रयोग बुद्धीस प्रश्न विचारावयास शिकवितो. त्या प्रश्नाचें उत्तर मात्र दगडाकडूनच घ्यावयाचें असतें. लोणारनें हें दीडशें वर्षांत शिकविलें. मुलांना तें एका सुटीच्या दुपारीं शिकतां येईल.